एल्कच्या शिकारीला मदतनीस म्हणून जातोय, सुरी कोणती न्यावी?

बावधनकर

मंडळी, विषय जरा आडवळणाचा आहे म्हणून आधीच सांगून टाकतो. शिकार भारतात नाही, परवान्याची आहे आणि बंदुकीला मी हात लावणार नाही.

माझा मामेभाऊ कोलोरॅडोत असतो. वयाने मोठा, म्हणून दादा. त्याला यंदा ऑक्टोबरसाठी एल्कचा (तिकडचं भलंमोठं हरीण) टॅग, म्हणजे शिकारीचा परवाना, लागलाय. त्याच सुमारास मी कंपनीच्या कामाला डेन्व्हरला असणार, तर दादाचं फर्मान आलंय की थोडी रजा काढ, मला तुझी पाठ पाहिजे. पाठ म्हणजे खरोखरच पाठ. जनावर पडलं की जागेवर साफ करायचं, सुटं करायचं आणि सॅकमध्ये घालून गाडीपर्यंत वाहायचं. सह्याद्रीत सॅक घेऊन हिंडायची सवय आहे, ओझ्याचं काही वाटत नाही. कापाकापीत मात्र आपली मजल रविवारचं चिकन धुण्यापलीकडे गेलेली नाही.

दादाला एक चांगला चाकू भेट न्यावा असं डोक्यात आहे. आत्ता त्याच्याकडे सासऱ्यांनी दिलेला घडीचा चाकू आहे, आणि वहिनीच्या म्हणण्याप्रमाणे त्याच्या बिजागरीत मागच्या सीझनचं एल्क अजून मुक्कामाला आहे.

तीन गोष्टी डोळ्यासमोर आहेत. ऑनलाइन एक सात इंची हंटिंग नाइफ दिसला: पाठीवर करवतीचे दाते, टोकाला पोट फाडायचा आकडा म्हणजे गट हुक, आणि मुठीत होकायंत्र. दुसरा प्रकार, सर्जनच्या ब्लेडसारखी पाती बदलायचा. तिसरं म्हणजे भोसरीत ओळखीचे एक जण हौसेने चाकू बनवतात, त्यांच्याकडून करून घेणं. शिवाय करवत लागते का? कुऱ्हाड? बजेट आठ-दहा हजार.

लकडी_पुलावरून

वाचतोय. मुठीत होकायंत्र असेल तर तोच घ्या. चाकू हरवला तर होकायंत्र बघून शोधता येईल.

सात्त्विक_नारायणपेठी

मुकं जनावर कसं फाडायचं याची चर्चा मराठी संस्थळावर, तीही इतक्या उत्साहाने. पुण्यात राहून हे शिकलात का?

बावधनकर

नाही, पुण्यात राहून फक्त धाग्यावर येऊन टोमणे मारायला शिकलो. गमतीत घ्या. तुमचा मुद्दा मला कळतो, पण जाणं ठरलंय. जाणारच असेन तर मटण वाया जाऊ नये आणि बोटं शाबूत राहावीत, एवढंच विचारतोय.

संपादक

शिकार असावी की नसावी यावर स्वतंत्र धागा काढावा. इथे अवजारांबद्दलच बोलावे. अवांतर प्रतिसाद उडवले जातील.

कोथरूड_ते_डेन्व्हर

इकडेच राहतो आणि दरवर्षी एल्कच्या मागे रान तुडवतो. रिकाम्या हाताने परत यायचा अनुभवच जास्त, पण जनावर पडल्यावर काय होतं ते सांगू शकतो.

आधी आकार डोक्यात बसव. नर एल्क सव्वातीनशे किलोच्या घरात, मादी सव्वादोनशेच्या. पडतं ते बहुधा उतारावर, आडव्या पडलेल्या झाडांच्या खचात, समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरच्या आसपास, आणि नेमकं संध्याकाळी. दोघांना ते कुशीवर वळवायलाही घाम फुटतो. झाडाला उलटं टांगून सोलायचे व्हिडिओ तू बघितले असशील, ते लहान हरणापुरतं ठीक. एल्कला टांगायचं म्हणजे क्रेन आणावी लागेल.

म्हणून इकडे बरेच जण पोट उघडतच नाहीत. गटलेस पद्धत म्हणतात. जनावर कुशीवर ठेवायचं, कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत कातडीला चीर द्यायची, कातडी पोटाकडे सोलत न्यायची आणि तीच खाली अंथरायची. मग पुढचा पाय, मागचा पाय, पाठीचा लांब पट्टा, मानेचं मांस. एक बाजू झाली की पालटायचं. आतली दोन टेंडरलॉइन, म्हणजे कण्याखालचे मऊ पट्टे, सगळ्यात शेवटी, बरगड्यांच्या मागून हात घालून.

आता यात चाकूचं काम काय ते बघ. कातडी चिरणं, कातडी आणि मांसामधला पापुद्रा सोडवणं आणि सांधे मोकळे करणं. तिन्हीला साडेतीन-चार इंचांचं पातं पुष्कळ. पुढच्या पायाचा धडाशी हाडाने सांधाच नसतो, तो नुसत्या स्नायूंनी बांधलेला असतो. एकाने पाय वर उचलून धरला की दुसऱ्याचं पातं खालून विनासायास फिरतं. मागच्या पायाला खुब्यात गोळा आणि वाटी. गोळ्याला धरून ठेवणारा बंध कापला की अख्खी तंगडी सुटून हातात येते. करवत कुठे लागली? शिंगं कवटीसकट काढायची असतील तरच, आणि त्यालाही छोटी घडीची करवत पुरते.

सात इंची चाकूबद्दल: पोट उघडून जुन्या पद्धतीने करायची वेळ आली तर तो फार वाईट. छातीच्या पोकळीत कोपरापर्यंत हात घालून श्वासनलिका वरून कापावी लागते. दिसत काहीच नाही. डाव्या हातात नळी, उजव्या हातात पातं, दोन्ही हात आत, सगळं गरम आणि निसरडं. पातं जितकं लांब तितकं डाव्या हाताच्या बोटांना जवळ. छोटं पातं असेल तर तर्जनी पात्याच्या पाठीवर टोकापर्यंत ठेवता येते आणि टोक कुठे आहे ते बोटाला कळतं. हे एकच कारण मला पुरेसं वाटतं.

गट हुक हवा कशाला? दोन बोटं कातडीखाली घालून फाकवायची, मधे पातं धार वर करून धरायचं आणि पुढे सरकायचं. आतडी बोटांखाली दबून राहतात. आकड्यात केस आणि चरबी अडकून बसते, आणि त्याची धार गेली की लावायला गोल दांडी लागते. आणखी एक: कातडी नेहमी आतून बाहेर कापायची. बाहेरून केसांवरून कापलं की केसांत बसलेली धूळ-वाळू धारेला खाऊन टाकते. चाकू बोथट होतो तो मांसामुळे नाही, केसांमुळे.

बदलत्या पात्यांबद्दल माझं मत मिश्र आहे. कातडीला त्यांच्यासारखं दुसरं काही नाही. पण ती पाती पातळ असतात. सांध्यात घालून पिळली की तुटतात आणि तुकडा मांसात राहतो. अंधारात, थंडीने बोटं बधिर झालेली असताना पातं बदलणं हाही एक प्रकार आहे. माझ्याकडे आहे, वापरतो, पण सांध्याला लावत नाही. आणि मोजून पाती नेतो, मोजून परत आणतो.

चाकूवर दहा हजार घालू नकोस. डोक्याला लावायचा दिवा उत्तम घे, सुटे सेल घे. मांसाला हवा लागेल अशा कापडी गेम बॅग्ज घे, एल्कला पाच-सहा लागतात. प्लॅस्टिकच्या पिशव्या नकोत, त्यात ऊब कोंडते. नायट्राइलचे हातमोजे, पातळ दोरी, अंथरायला हलकी ताडपत्री. मटण वाया जातं ते चाकू वाईट म्हणून नाही, थंड व्हायला उशीर झाला म्हणून. चार अंश सेल्सियसच्या वर जंतू भराभर वाढतात, आणि कातडी अंगावर तशीच ठेवली तर बाहेर बर्फ पडत असला तरी खुब्याजवळचं मांस हाडालगत आंबतं.

नियमांचं दादाला माहीत असेलच, तरी लिहितो. इथे चारही तंगड्या, पाठीचे पट्टे आणि टेंडरलॉइन आणावेच लागतात, सोडून येणं गुन्हा. नर की मादी याचा पुरावा मांसाच्या एका भागाला नैसर्गिकरीत्या जोडलेला राहिला पाहिजे, सोलताना उत्साहात कापून टाकू नका. आणि रायफलच्या सीझनमध्ये शिकाऱ्याला ५०० चौरस इंच भडक केशरी किंवा गुलाबी कपडा आणि त्याच रंगाची टोपी सक्तीची आहे. तू शिकारी नसलास तरी घाल.

लकडी_पुलावरून

गुलाबीसुद्धा चालतो? दादांचा फोटो टाकाच मग.

मटणवाले_कॅम्प

डेन्व्हरवाल्यांनी लाख बोललंत. आमचं तिसऱ्या पिढीचं दुकान आहे कॅम्पात. एल्क बघितलेलं नाही, पण बोकडावर आयुष्य गेलं. चार पाय ते चार पायच.

कुऱ्हाड, सत्तूर अजिबात नेऊ नका. दुकानात सत्तूर चालतो कारण खाली ओंडका असतो. ओंडका घाव झेलतो म्हणून हाड साफ तुटतं. जमिनीवर मातीत घाव घातला की हाड दबतं, चिरडतं, बारीक कच निघते आणि ती मटणात जाते. आमच्याकडं एखाद्याच्या दाताखाली कच आली तर दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन दारात उभा. तिकडं तुमच्या दादाच्या दारात वहिनी उभ्या राहतील.

दुसरं, कातडं सुरीनं कमी आणि मुठीनं जास्त काढायचं. सुरीनं नुसती वाट करून द्यायची, मग कातडं एका हातानं ताणायचं आणि दुसऱ्या हाताची मूठ मधे घालून दाबत दाबत पुढं न्यायची. गरम असताना भराभर निघतं, गार झालं की चिकटतं. नवीन पोरगं सारखी सुरी चालवतं. मग कातड्याला भोकं, मटणाला चिरा, आणि चिरेत केस.

दोन सुऱ्या ठेवा. कातड्याची मटणाला लावायची नाही. आणि सळई ठेवा जवळ. आम्ही दर थोड्या वेळानं सुरी सळईवर दोन हात फिरवतो, धार जाईपर्यंत थांबत नाही. धार गेली की माणूस जोर लावतो, आणि जोर लावला की सुरी निसटते. आमच्या धंद्यात हाताला लागलेलं बघाल तर बोथट सुरीनं लागलेलं असतं.

मूठ लाकडाची नको, चरबी लागली की हातात फिरते. आणि पित्ताची पिशवी सांभाळा. फुटली की कलेजी गेली.

बावधनकर

काका, दंडवत. तुम्ही स्वतः कोणती सुरी वापरता?

मटणवाले_कॅम्प

मोठ्या कामाला लोहाराकडची, वडिलांच्या वेळेपासून ठरलेला लोहार आहे. हाडं सोडवायला सहा इंची बोनिंगची सुरी, व्हिक्टोरिनॉक्सची, काळ्या प्लॅस्टिकच्या मुठीची. दिसायला काही नाही. पण धार लगेच लागते आणि धुवायला सोपी. दुकानात आठ तास हातात असते.

भट्टीवाला_भोसरी

हीट ट्रीटमेंटच्या धंद्यात आहे, हौसेने चाकूही करतो. (धागाकर्त्याच्या ओळखीचा मी नव्हे, भोसरीत हा किडा बऱ्याच जणांना चावलाय.)

लोक पोलादाचं नाव विचारतात, उष्णोपचार विचारत नाहीत. ट्रकच्या पाट्याचं पोलाद कोयत्याला झकास, मार सहन करतं. पण बारीक धारेच्या सुरीला मी एन ३१ घेतो. बेअरिंगचं पोलाद, एक टक्का कार्बन, दीड टक्क्याच्या आसपास क्रोमियम. साधारण ८३० ते ८५० अंशांवरून तेलात विझवायचं, मग दोनशेच्या खाली टेंपर, म्हणजे परत हलकं तापवायचं. रॉकवेल (कठीणपणाचं माप) ५९-६० मिळतं, कण बारीक राहतात, धार रेशमी येते. परदेशी सुऱ्यांत एस ३० व्ही वगैरे नावं दिसतील. त्यात चार टक्के व्हॅनेडियम असतं, त्याच्या कार्बाइडमुळे धार फार टिकते. पण गेली की जंगलात साध्या दगडाला दाद देत नाही, हिऱ्याची पट्टी लागते.

काकांची स्विस सुरी ५६ रॉकवेलच्या आसपास असते. म्हणजे मऊच. मऊ असणं हा इथे गुण आहे: धार वाकते, तुटत नाही, आणि सळईवर परत सरळ होते. ६१ च्या पात्याला सळई लावून उपयोग नाही.

माझं मत, एन ३१ मध्ये चार इंची, पाठ तीन मिलिमीटर, टोक पाठीच्या रेषेपेक्षा खाली उतरलेलं, धार दोन्हीकडून वीस अंश.

गुरांचा_डॉक्टर

मटणवाले काका, पित्ताची काळजी बोकडात बरोबर आहे, पण एल्कमध्ये सुट्टी. हरणांच्या कुळात पित्ताशय नसतंच. चितळ, सांबर, एल्क, कुणालाच नाही. मूत्राशय मात्र असतं आणि ते फुटलं तर मांस तितकंच बिघडतं.

पोटाबद्दल एक. रवंथ करणाऱ्या जनावराचं पहिलं पोट डाव्या बाजूला असतं आणि मेल्यावरही आत आंबणं चालूच राहतं. तासाभरात ते फुगायला लागतं. गायीम्हशींचं शवविच्छेदन करताना आम्ही जनावर डाव्या कुशीवर घेतो, म्हणजे ते धूड खाली राहतं. टेंडरलॉइनसाठी बरगडीमागे चीर द्याल तेव्हा हे लक्षात ठेवा. चीर उथळ, आणि टोक आतल्या बाजूला रोखायचं नाही.

आता खरा मुद्दा, जो अजून कुणीच काढलेला नाही. कोलोरॅडो हे क्रॉनिक वेस्टिंग डिसीजचं, म्हणजे हरणांना झिजवून मारणाऱ्या मेंदूच्या रोगाचं, माहेरघर आहे. १९६७ मध्ये फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत तो पहिल्यांदा दिसला. कारण जंतू नाही, विषाणू नाही, तर प्रायॉन नावाचं बिघडलेलं प्रथिन. मेंदू, कण्यातला मज्जारज्जू, डोळे, प्लीहा, लसीका गाठी यांत जास्त असतं. माणसाला झाल्याचं सिद्ध झालेलं नाही, पण बाधित जनावराचं मांस खाऊ नये असंच तिथली आरोग्य यंत्रणा सांगते. कोलोरॅडोत काही भागांत त्या-त्या वर्षी डोक्याची तपासणी सक्तीची असते. दादाला त्याचा भाग त्यात आहे का ते बघायला सांगा.

अवजारांशी संबंध असा. शिजवून, उकळून, स्पिरिट लावून प्रायॉन जात नाही. करवतीने कणा चिरला की तोच मऊ भाग सगळ्या मांसावर उडतो, म्हणजे गटलेस पद्धत आणि सांध्यातून कापणं इथेही फायद्याचं. डोकं काढायचं झालं तर कवटी आणि पहिल्या मणक्याच्या सांध्यातून, आणि त्यासाठी वेगळी स्वस्त सुरी. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१९ मध्ये दाखवलं की घरगुती ब्लीच चाळीस टक्के आणि बाकी पाणी, यात पाच मिनिटं बुडवलं तर स्टीलवरचं प्रायॉन निष्प्रभ होतं. पण मांसाचा कण चिकटलेला असेल तर त्याच्या आत ब्लीच पोचत नाही. म्हणून आधी घासून धुवायचं, मग बुडवायचं.

म्हणजे दादाचा तो बिजागरीवाला चाकू निवृत्त करा. ज्या अवजाराची प्रत्येक जागा ब्रशने घासता येत नाही ते इथे कामाचं नाही. घडीचा चाकू नको, लाकडी मूठ नको, रिव्हेट आणि पितळी पट्ट्यांच्या फटी नकोत.

भट्टीवाला_भोसरी

ब्लीचचा मुद्दा वजनदार आहे. एन ३१ ला ब्लीचमध्ये बुडवलं तर पाच मिनिटांत तांबारेल. मग स्टेनलेस घ्या, स्वीडनचं १२सी२७ किंवा तत्सम, ५७-५८ रॉकवेल, पातं मुठीत ओतलेलं, फट नाही. मोरा या स्वीडिश कंपनीचे साधे प्लॅस्टिक मुठीचे चाकू असेच असतात आणि किंमत तुमच्या बजेटच्या पाव भागात बसते. स्टेनलेसलाही ब्लीच लागतंच, खड्डे पडतात, त्यामुळे पाच मिनिटं म्हणजे पाचच मिनिटं. लगेच भरपूर पाण्याने धुऊन कोरडं.

हौसेचा चाकू करून द्यायला आवडला असता, पण हे काम हौसेचं नाही.

पेठेतला_वाडा

आमच्या पणजोबांचा एक शिकारी सुरा माळ्यावर आहे, संस्थानी काळातला, सांबरशिंगाची मूठ. बावधनकर, भावाला भेट म्हणून न्यायचा असेल तर बोला. मला नुसतं धूळ झटकायचं काम आहे.

वकीलबाई_शिवाजीनगर

अहो वाडा, असं जाहीर धाग्यावर लिहू नका. सांबरशिंगाच्या वस्तू विकणं आणि परदेशी पाठवणं वन्यजीव कायद्यात बसत नाही. माळ्यावर आहे तिथेच राहू द्या, आणि कागदपत्रांचं काय ते नीट विचारून घ्या.

सुरीपुरतं: शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं वेगळ्या वर्गात येतात. घरगुती आणि शेतीच्या वस्तू त्यातून वगळलेल्या आहेत. चार इंची चाकूला ती अडचण नाही. पण बिल जवळ ठेवा, खोक्यातून काढू नका, आणि विमानात फक्त चेक-इन सामानात, म्यानात घालून. ऑनलाइन मागवताना त्या करवत-होकायंत्रवाल्याच्या नादी लागू नका. पुण्यात हल्ली कोयता म्हटलं की पोलिसांना ऊस आठवत नाही.

बंदुकीला हात लावणार नाही म्हणालात ते उत्तम. तिकडे तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याने बंदूक बाळगणं हा संघीय गुन्हा आहे. शिकारीचा वैध परवाना वगैरे मोजके अपवाद आहेत, ते तुम्हाला लागू नाहीत. दादा म्हणाला जरा धर, तरी धरू नका.

मुळशीचा_भातवाला

जरा विषयाला धरूनच विचारतो. आमच्याकडे रानडुकरं भात लोळवतात. वनखात्याची परवानगी काढून मारता येतं असं ऐकून आहे. मग ते साफ करायला हीच सुरी चालेल ना?

रानवाटा

नाही. परवानगी मिळते ती पिकाचं नुकसान थांबवायला, लेखी, अटींसकट. १९७२ च्या वन्यजीव कायद्याच्या कलम ३९ प्रमाणे असं मारलेलं जनावर सरकारची मालमत्ता होतं. ते वनखात्याच्या ताब्यात द्यायचं, घरी आणून शिजवायचं नाही. सुरीचा प्रश्नच येत नाही. परवानगीशिवाय तर सशालाही हात लावू नका, आणि या धाग्यातलं काहीही इथे करून बघायला जाऊ नका. नुकसानभरपाईचा अर्ज करा, पंचनामा लवकर करून घ्या.

मुळशीचा_भातवाला

पंचनाम्याला माणूस येईपर्यंत डुकरं दुसरं खाचर उरकतात. असो. धन्यवाद.

ट्रेकर_पण_गुडघेदुखी

ओझ्याचं कुणी बोलत नाहीये. एकूण किती किलो?

कोथरूड_ते_डेन्व्हर

मोठ्या नराचं हाडं काढून मटण नव्वद-शंभर किलोच्या घरात जातं. हाडासकट मागची एक तंगडीच पंचवीस ते तीस किलो. दोघांना किमान दोन-दोन खेपा धरा, अंतर मोठं असेल तर हाडं तिथेच काढा. म्हणूनच वर म्हटलं की कुऱ्हाड नको, करवत नको. सॅकमध्ये नेलेला प्रत्येक लोखंडाचा तुकडा परतीच्या वाटेवर मटणाच्या वर बसतो. आणि काठ्या ने, दोन्ही. सह्याद्रीत आपण मिरवतो की काठी लागत नाही. तीन हजार मीटरवर तीस किलो घेऊन ओंडके ओलांडताना लागते.

रात्रीतून सगळं नेता आलं नाही तर बॅग्ज झाडाला उंच टांगून सावलीत ठेवायच्या, आतड्यांच्या ढिगापासून दूर. कोलोरॅडोत ग्रिझली नाहीत, पण काळी अस्वलं आहेत आणि त्यांना वास आपल्याआधी लागतो.

बावधनकर

सगळ्यांचे मनापासून आभार. धागा दादाला पाठवला. तो म्हणाला, चाकू आण किंवा नको आणूस, गुडघे आण.

ठरलं ते असं. होकायंत्रवाला बाद. कातडीला चार इंची स्टेनलेस, प्लॅस्टिक मुठीचा, एकाऐवजी दोन, म्हणजे एक डोक्यासाठी राखीव. मटणाला काकांची सहा इंची बोनिंग. हिऱ्याची छोटी पट्टी आणि सळई. उरलेल्या पैशांत गेम बॅग्ज, दिवा आणि हातमोजे, ते तिकडेच घेईन. ब्लीच वहिनीच्या घरात असेलच. भेट म्हणून पॉलिश केलेला एक चाकू द्यायची हौस होती ती राहिली, पण दादाला वाईट वाटलेलं दिसत नाही. वहिनीने मात्र त्या बिजागरीवाल्याचं काय करायचं ते आधीच ठरवून टाकलंय.

भट्टीवाला_भोसरी

म्यान चामड्याचं नको. रक्त शोषतं आणि वास सुटतो. प्लॅस्टिकचं घ्या, खाली भोक असलेलं, पाणी निघून जाईल असं. आणि मूठ काळी घेऊ नका, केशरी मिळते. रात्री पानांत ठेवलेली काळी मूठ सापडत नाही.

लकडी_पुलावरून

येताना आम्हाला एल्कचं मटण?

गुरांचा_डॉक्टर

नाही. मांस भारतात आणायला पशुसंवर्धन खात्याचा परवाना लागतो, बॅगेत लपवून आणाल तर विमानतळावर जप्त होईल. फोटोवर समाधान माना.

मटणवाले_कॅम्प

बावधनकर, जायच्या आधी एकदा दुकानात या. सकाळी सातच्या आत, गर्दी व्हायच्या आधी. बोकडाची मागची तंगडी खुब्यातून सत्तूर न लावता सोडवून बघा, स्वतःच्या हातानं. व्हिडिओ बघून सांधा कुठं आहे ते समजतं, पण बोटाला सापडत नाही. सुरी मी देतो.

बावधनकर

येतो काका, बुधवारी. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवा.

मटणवाले_कॅम्प

केलाय. बूट जुने घालून या.